चाकूरची चाकोरी

लातूरहून नांदेडकडे निघाले, की वाटेत चाकूर लागते. तिथे डांबरी सडक सोडून शेताकडे वळावे, म्हणजे काळ्या जमिनीतली चाकोरी भेटते. पावसाळ्यात चाकांनी कोरलेला हा चिखल दिवाळीपर्यंत दगडासारखा होतो, आणि त्यावरून सायकल हाणणाऱ्याची मनगटे बधिर करून सोडतो. मग घरातले चिरंजीव म्हणतात, "बाबा, कार्बनच्या सांगाड्याची सायकल घ्या, हादरे बसत नाहीत!" किंमत ऐकून हादरा बसतो तो बाबांनाच. पण चिरंजीवांचे म्हणणे खरे किती?

कार्बनचा सांगाडा म्हणजे केसाहून बारीक तंतू राळेत बसवून केलेला संमिश्र पदार्थ. युक्ती जुनीच, भिंतीच्या मातीत भुसा मिसळतात, तशीच. तंतू ताण सोसतात, राळ त्यांना धरून ठेवते. सांगाडा थरथरला, की त्यातला थोडा जोर राळेत जिरतो आणि उष्णता होऊन जातो. पोलाद मात्र घंटेसारखे घुमत राहते. म्हणून खडीवरची बारीक थरथर संमिश्र सांगाड्यात कमी जाणवू शकते.

बांबू हा तर निसर्गानेच घडवलेला संमिश्र पदार्थ. त्याच्या सायकली लंडनमध्ये 1894 सालीच निघाल्या होत्या. आपल्याकडे पुण्याचे शशिशेखर पाठक 'बांबूची' या नावाने त्या बनवतात. लातूर जिल्ह्यात पाशा पटेलांनी बांबूलागवडीचा ध्यासच घेतला आहे. उद्या चाकूरच्या बांधावरचा बांबू चाकूरच्या चाकोरीत धावला, तर नवल नाही!

खड्ड्याची गोष्ट मात्र निराळी. मोठा धक्का जिरवायला दबायला जागा लागते. तिकोनी सांगाडा जेमतेम दबतो. टायर पुष्कळ दबतो. आणि डोंगरी सायकलचा स्प्रिंगचा फोर्क 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. गंमत अशी, की टायरही संमिश्रच, रबरात बसवलेल्या धाग्यांचा! बेलफास्टचे पशुवैद्य डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि 1888 साली त्याचे पेटंट घेतले.

कार्बनची आणखी एक खोड आहे. दगडावर आपटला, तर वरचा रंग शाबूत राहतो आणि आतले थर सुटलेले असतात. अशी सायकल जाणकाराला दाखवल्यावाचून मुलाच्या हाती देऊ नये.

तेव्हा चिरंजीवांना सांगावे: आधी रुंद टायर आणि त्यात बेताची हवा, मग चांगला फोर्क, सांगाड्याचे पुढल्या दिवाळीला पाहू.