छातीचा उतारा कोण मोजणार?

गाळप हंगाम सुरू झाला की आज उतारा किती पडला, हे आम्ही सभासद रोज विचारतो. उतारा दशांशाने घसरला तरी भावाचे काय होणार म्हणून पोटात गोळा उठतो. पण हा ऊस पिकवणाऱ्या, तोडणाऱ्या आणि गाळणाऱ्या माणसाच्या छातीचा उतारा किती, हे कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. आमच्या मते तो आता मोजायलाच हवा.

आपल्याकडे पन्नाशीतला गडी बांध चढताना थांबला, तर लोक म्हणतात, "वय झालं, आता असंच चालायचं." बाईला बारमाही खोकला असला तर, "चुलीचा ठसका हाय, जाईल." पण तो जात नाही. फुफ्फुसांची ताकद विशी-पंचविशीपर्यंत भरते आणि पुढे हळूहळू उतरते. इथवर निसर्गाचा नियम. धूर आणि धूळ रोज छातीत गेली की हा उतार वेगाने लागतो. विहिरीचे पाणी रोज बोटभर खाली गेलेले कुणाला कळत नाही, मोटर हवा ओढू लागली की कळते. छातीचेही तसेच. दम लागू लागतो तेव्हा बराच साठा संपलेला असतो, आणि गेलेला साठा परत भरत नाही.

या जुनाट विकाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आपण सरसकट दमा म्हणतो, पण दमा वेगळा. भारतात १९९० साली या विकाराचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ते सुमारे ५ कोटी ५३ लाख झाल्याचा अंदाज लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१८ साली छापला. लोकसंख्या वाढली, आयुष्य वाढले, त्यामुळेही आकडा वाढला हे खरे. तरी देशात एवढी माणसे श्वासाला महाग असणे ही लहान गोष्ट नव्हे.

"हा तर बीडी ओढणाऱ्यांचा रोग, आमचा काय संबंध?" असे पुष्कळ सभासद म्हणतील. त्याच अभ्यासाचा हिशेब पाहावा. भारतात या विकाराने होणाऱ्या हानीत निम्म्याहून जास्त वाटा धुराळलेल्या हवेचा निघाला, घरातल्या आणि बाहेरच्या मिळून. तंबाखूचा वाटा सुमारे चौथाई आणि कामावरच्या धुळी-धुराचा सुमारे सहावा हिस्सा. म्हणजे जन्मात बीडीला हात न लावलेली माउलीसुद्धा नुसत्या चुलीपुढे बसून छाती गमावू शकते. म्हणून बीडीला कुणी निर्दोष समजू नये. बीडी सोडली की छातीचा उतार मंदावतो, हे फ्लेचर आणि पेटो या इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९७७ सालीच दाखवून दिले. साठीतही सोडली तरी फायदाच.

आता आपल्या उसाकडे वळू. तोडणी झाली की फडातले पाचट पेटवायचे, ही आपली जुनी खोड. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षे सांगत आले की पाचट जाळू नका, खोडव्यात आच्छादन करा. पाणी वाचते, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो. "उंदीर होतात, मशागतीला अडतं," ही तक्रार आम्हालाही ठाऊक आहे. पण पाचटाची कुट्टी करून ते सरीत बसवता येते. काडी ओढली की खत जळते आणि धूर अख्ख्या वस्तीच्या छातीत जातो.

कारखान्याच्या आवारातही एक गोष्ट आहे. साठवलेला बगॅस तापतो, त्यावर बुरशीसारखे जंतू वाढतात आणि तो कोरडा होऊन उडाला की श्वासातून आत जातो. त्यातून होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेतल्या लुइझियानात १९४१ साली डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. धुळीत काम केल्यावर काही तासांनी ताप, खोकला, धाप. माणसाला वाटते, साधा ताप आहे. असे पुन्हा पुन्हा झाले तर फुफ्फुसे कायमची निबर होऊ शकतात.

सगळ्यांत वाईट अवस्था तोडणी कामगारांची. सहा-सहा महिने कोपीत मुक्काम, तीन दगडांची चूल, तान्ही पोरे त्याच धुरात. गॅसची जोडणी असली तरी ती गावाकडे राहिली. त्यातून कुणाला पूर्वी क्षय झालेला असेल, तर बरा होऊनही छाती आधीच अधू असते.

तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आमच्या चार मागण्या आहेत. पहिली, हंगामापूर्वीच्या आरोग्य शिबिरात स्पायरोमीटर हवाच. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने, शेवटपर्यंत फुंकायचा, एवढीच तपासणी. निरोगी माणूस त्या श्वासातली साधारण तीन-चतुर्थांश हवा पहिल्या सेकंदात बाहेर टाकतो. औषध ओढूनही हे प्रमाण ७० टक्क्यांखाली राहिले तर डॉक्टरांनी पुढे पाहावे. नुसत्या छातीच्या फोटोवर विसंबू नये, सुरुवातीला फोटो साफ दिसू शकतो. दुसरी, बगॅस यार्डातल्या प्रत्येकाला धूळ अडवणारा चांगला मास्क मिळावा आणि ढीग ओला ठेवावा. तिसरी, पाच किलोची छोटी गॅस टाकी ओळखपत्रावर मिळते. ती कोपीत पोचवण्याचा काही भार कारखान्याने उचलावा. चौथी, पाचट न जाळणाऱ्या सभासदाला कुट्टी यंत्र सवलतीच्या भाड्याने द्यावे.

खर्च येईल, नाही असे नाही. पण तपासणीच्या रांगेत घरधन्याच्या आधी घरच्या लक्ष्मीला उभे करा, याला मात्र दमडीही लागत नाही. एवढे तरी प्रत्येक सभासदाने मनावर घ्यावे.