तीस हजारांची थाप

नव्या ट्रक ड्रायव्हरला महिन्याला तीस हजार सुटतात, ही थाप आहे. ती मारणाऱ्याला खरा आकडा ठाऊक असतो, म्हणून मी तिला गैरसमज म्हणत नाही. जुन्या सहा नंबरच्या, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग 53 च्या कडेला, साकोलीजवळ माझं टायरचं दुकान आहे. त्याआधी मी स्वतः रायपूर-मुंबई लाइन चालवली. टायर बदलेपर्यंत पोरं बाकड्यावर बसतात, खिशातून हिशोबाचा कागद काढतात आणि विचारतात, "काका, यात चुकलं कुठं?" बेरीज बरोबर असते. पोराच्या हातात काय पडू द्यायचं हे गाडी निघण्याआधीच ठरलेलं असतं, कागद नंतर लिहिला जातो.

ही पोरं येतात कुठून, ते आधी पाहा. दोन-तीन एकर धान, तेही भावाभावांत वाटलेलं. मुंडीपारला भेलचा कारखाना येणार म्हणून जमिनी घेतल्या, 2013 मध्ये भूमिपूजन झालं, कारखाना आला नाही. गडेगावला अशोक लेलँड आहे, वरठीला सनफ्लॅग आहे, तुमसरकडे राइस मिल आणि मँगनीजच्या खाणी आहेत. पण कारखान्याच्या गेटाआत जागा मोजक्या, गेटाबाहेर मात्र ट्रक रोज लागतात. मग कोणी तरी नातलग सांगतो, हेवी लायसन काढ, आयुष्य सेट होईल. बाप धान विकून नाहीतर बचत गटातून कर्ज काढून ड्रायव्हिंग स्कूलची फी भरतो.

लायसन हातात आलं की दुसऱ्या दिवशी चौदा टायर गाडी मिळते असं पोराला वाटतं. कायद्याने मालवाहू गाडीसाठी वय 20 पूर्ण लागतं आणि हलक्या गाडीचं लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं. ही अट पुरी करून आलेल्या पोरालाही कोणताही शहाणा मालक लाखोंची गाडी आणि वीस-पंचवीस टन माल एकट्याच्या हाती देत नाही. त्याला आधी किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून चढवतात. ताडपत्री बांध, दोर आवळ, काच पूस, उस्तादाचा, म्हणजे मुख्य ड्रायव्हरचा स्वयंपाक कर, आणि रात्री दोननंतर उस्तादाचे डोळे मिटायला लागले की स्टेअरिंग धर. म्हणजे गाडी चालवतो ड्रायव्हरसारखी, पगार घेतो क्लीनरचा. सहा महिने, आठ महिने असंच चालतं. कमाईच्या गप्पा मारणारा एकही माणूस हे महिने धरत नाही.

आता कागद. गेल्या हंगामात एका पोराने दाखवलेला, स्वतंत्र गाडी मिळाल्यानंतरच्या महिन्याचा. पगार 12,000. तीन ट्रिपा झाल्या, प्रत्येकी 3,500 भत्ता, म्हणजे 10,500. एकूण 22,500. मालक चारचौघांत हाच आकडा सांगतो, आणि गावात पोचेपर्यंत त्याचे तीस होतात. पण भत्ता ही कमाई नव्हे, तो रस्त्यावर जगण्याचा खर्च आहे. बावीस दिवस बाहेर, दोन वेळचं जेवण, चहा, आंघोळ मिळून रोजचे 300 धरा, 6,600 गेले. तांदळाचं एक पोतं कमी भरलं म्हणून शॉर्टेजचे 1,000 कापले. पोतं फाटलं चढवताना, की मोजणी चुकली काट्यावर, कोणी विचारलं नाही. बिल्टीवर सही ड्रायव्हरची, म्हणून भुर्दंड ड्रायव्हरला. ई-चलानाचे 500. वाराईवाल्यांना, म्हणजे हमालांना, आणि गेटावर चहापाण्याला दिलेले 1,400, ज्याची पावती मिळत नाही म्हणून मालक ते मान्य करत नाही. उरले 13,000. त्यातून लायसनसाठी घेतलेल्या उचलीचे 3,000 वळते झाले. घरी गेले दहा हजार.

आणि तास? बाहेरचे बावीस आणि इकडच्या कामाचे धरून सव्वीस दिवस, रोजचे बारा तास धरले तरी 312 तास होतात. उचल बाजूला ठेवून 13,000 ला 312 ने भागा. तासाला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. एवढ्या पैशांत तो चाळीस टनांचं धूड रात्रीच्या पावसात देवरीच्या घाटातून उतरवतो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या तुमच्या-माझ्या लेकराचा जीव त्याच्या ब्रेकवर असतो.

या कागदावर एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे खोटी, माल उतरेपर्यंतचा खोळंबा. गाडी पुण्याला पोचली, गोडाऊनवाला म्हणाला आज जागा नाही, उद्या बघू. उद्याचा परवा होतो. भत्ता ट्रिपमागे ठरलेला, त्यामुळे उभ्या गाडीचा प्रत्येक दिवस पोराच्या पोटातून जातो. गाडी सोडून जाताही येत नाही, कारण डिझेल चोरीला गेलं तर तेही त्याच्याच नावावर. परतीचं भाडं मिळेना, की आणखी दोन दिवस. "मले वाटलं बसून पगार भेटते," एक जण म्हणाला, "इथं तं बसलो की आपलेच पैसे जातेत." पावसाळ्यात काम थंडावलं, गाडी गॅरेजला लागली, की पगारही अर्धा. म्हणून महिन्याच्या आकड्याला बाराने गुणून पहिल्या वर्षाची कमाई कोणी सांगू नये. क्लीनरचे महिने आणि रिकामे दिवस धरून वर्षाला लाखभर रुपये घरी पोचले तरी त्या पोराचं वर्ष बरं गेलं असं मी समजतो.

कायदा नव्हता असं कोणी म्हणू नये. 2025 मध्ये नव्या श्रम संहिता येईपर्यंत मोटार परिवहन कामगार कायदा होता, 1961 चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांबच्या मार्गावर फार तर दहा आणि चोपन्न, आठवड्याची सुटी, सगळं त्यात लिहिलेलं. पाच किंवा जास्त कामगार असले की तो लागू होत असे. म्हणून एक गाडी भावाच्या नावावर, दुसरी बायकोच्या. युरोपात ड्रायव्हरने दिवसाला साधारण नऊ तास चालवायचं आणि साडेचार तासांनी पंचेचाळीस मिनिटं थांबायचं, हे गाडीतलं यंत्रच नोंदवतं. आपल्याकडेही गाडीत जीपीएस आहे. तो गाडी कुठे थांबली हे मालकाला सांगायला वापरतात. माणूस किती तास जागा आहे हे बघायला त्याचा उपयोग करावा असं कोणाला वाटत नाही.

नितीन गडकरी अनेकदा सांगतात की देशात 22 लाख ड्रायव्हर कमी आहेत. केबिनमध्ये एसी हवा हा आग्रहही त्यांचाच, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना तो सक्तीचा झाला. चांगलं झालं. आमच्या उन्हाळ्यातल्या नवतपात केबिनमध्ये बसून बघा म्हणजे त्याची किंमत कळेल. पण नवी गाडी जुन्या ड्रायव्हरला मिळते, नव्याला मिळते ती ताफ्यातली सर्वांत जुनी. आणि तुटवडा आहे म्हणता, तर मग मजुरी का वाढत नाही? सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये दहा शहरांतल्या ड्रायव्हरांशी बोलून अहवाल काढला. त्यात 84 टक्क्यांनी सांगितलं की आपल्या घरातल्या कोणाला या धंद्यात येण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. आणखी प्रशिक्षण केंद्रं काढून हा आकडा खाली येणार नाही.

जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, सरकार बोलायला आलं, आणि ते कलम आजही लागू झालेलं नाही. म्हणजे एवढी ताकद या माणसांत आहे. ती मजुरीसाठी अशी वापरली गेली नाही, याचा मला राग आहे.

हातात पैसा कमी पडला की पोरगं वाळूच्या टिप्परकडे वळतं. वैनगंगेची वाळू, रात्रीचं काम, रोख पैसे. पथकाने पकडलं की गुन्ह्यात पहिलं नाव ड्रायव्हरचं. मालक दंड भरून टिप्पर सोडवतो; पोरगं तारखांना भंडाऱ्याला चकरा मारतं, आणि चारित्र्य पडताळणीत नाव आलं की पोलीस भरतीही गेली.

मालक म्हणतील, डिझेल, हप्ता, टोल, विमा यात आम्हालाच काही उरत नाही. एक-दोन गाड्यांच्या मालकाचं हे म्हणणं खरं आहे, मी त्यांच्या जागी राहिलेलो आहे. पण गाडी उभी राहिली की मोठे ट्रान्सपोर्टवाले कंपनीला होल्टिंग, म्हणजे थांबण्याचं भाडं लावतात. ते पैसे येतात. त्यातला एक रुपया उभ्या गाडीत झोपलेल्या माणसाला मिळत नाही. त्याचा वाटा लिहून द्या. पगार बँकेत टाका, भत्ता त्यापासून वेगळा ठेवा, शॉर्टेज कापण्याआधी पोतं कुठे फुटलं याची चौकशी करा. लाखनी-साकोलीच्या आईबापांनी पोराला गाडीवर पाठवण्याआधी एवढं कागदावर मागावं. जो मालक लिहून देणार नाही, त्याच्या गाडीवर पोरगं चढवू नये, मग तो सख्खा मामा का असेना.