नाव एक, सुटे भाग अनेक

हौसेने गळ टाकणाऱ्यांच्या जगात ‘मिचेल ३००’ हे रीळ फार नावाजलेले. फ्रान्समधील क्लूझ हे घड्याळकारागिरांचे गाव. तेथील कार्पानो अँड पॉन्स कारखान्याने ते बनविले, अमेरिकेत गार्सिया कंपनीने विकले. मजबूत असे, की आजोबांचे रीळ आज नातू वापरतो.

खरी पंचाईत होते ती आतली स्प्रिंग तुटली म्हणजे. नाव ‘३००’च राहिले, पण कारखाना आत बदल करीत गेला. दोरी उचलणारी तारेची कमान आरंभी अर्धीच, बोटासारखी होती. पुढे पूर्ण कमान आली. साठच्या दशकात दातेरी चाकांची ‘प्लॅनामॅटिक’ रचना आली. तेव्हा ‘३००चाच भाग आहे, बसेल’ एवढ्या शब्दावर पैसे मोजू नयेत, असे आम्हांस वाटते. रिळाच्या पायाखालचा क्रमांक पाहावा, जुना भाग नव्याशेजारी ठेवून ताडून घ्यावा. कानशीने घासून बसविण्याचा उद्योग तर नकोच. एका दातापायी सबंध चाक जाते. (आणि ३०१ घेऊ नका! ते उजव्या हाताने फिरवायचे, ३०० डाव्या.)

अर्ध्या कमानीच्या जुन्या रिळाला नवी कमान लावली तर मासे मिळतील, पण संग्राहक त्याची किंमत कमी करील. त्यापेक्षा त्याच काळातले एखादे मोडके रीळ स्वस्तात घेऊन ठेवावे. आम्ही तरी तेच करू.