काठ आमचा, कमाई कोणाची?

अहिल्यादेवी आमच्या, महेश्वर आमचे आणि म्हणून महेश्वरी साडीही आमचीच, असे मध्य प्रदेशातील मराठी माणूस मोठ्या अभिमानाने सांगत असतो. अभिमान जरूर असावा. तो फुकट मिळतो आणि त्याला कर लागत नाही! पण हाच माणूस लग्नसराईत बस्ता बांधायला निघाला की भोपाळच्या न्यू मार्केटमध्ये वा चौकात जाऊन काय घेऊन येतो? 'महेश्वरी प्रिंट', 'चंदेरी टाइप', 'पैठणी पॅटर्न'! कृत्रिम धाग्याचे, यंत्रावर झरझर निघालेले, वर केवळ नक्षीची नक्कल असलेले कापड. नाव आमच्या गावाचे, घाम कोण्या गिरणीतल्या मजुराचा, नफा व्यापाऱ्याचा. आणि ज्याने ती नक्षी पिढ्यान्‌पिढ्या जपली तो विणकर मात्र ह्या हिशेबात कुठेच नाही. ह्याला अभिमान म्हणायचे की आत्मवंचना, ह्याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा.

३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने भोपाळच्या जंबुरी मैदानावर महिलांचे प्रचंड संमेलन झाले, पंतप्रधान आले, तीनशे रुपयांचे नाणे निघाले. त्याआधी जानेवारीत राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक खास महेश्वरला भरली होती. हे सारे उचितच झाले. पण अहिल्यादेवींनी काय केले होते ह्याची आठवण किती वक्त्यांना होती? त्यांनी महेश्वरला राजधानी केली तेव्हा सुरतेहून आणि इतर ठिकाणांहून विणकर आणून तेथे वसवले, असे परंपरा सांगते. नुसते वसवले नाही, त्यांच्या मालाला दरबाराचे गिऱ्हाईक मिळवून दिले. पाहुण्यांना, आप्तेष्टांना भेट द्यायची तर ती महेश्वरचीच. म्हणजे त्या माउलीने विणकरावर दया केली नाही, त्याचा माल विकत घेतला. दया आणि खरेदी ह्यांतला हा फरक आज आपल्याला कळेनासा झाला आहे.

थोडे आकडे पाहू, कारण भाषणात आकडे येत नाहीत. देशातील हातमागावर जगणाऱ्यांची संख्या १९९५-९६ च्या गणनेत सुमारे ६५ लाख होती. २००९-१० मध्ये ती ४३ लाखांवर आली आणि २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५ लाखांवर. पाव शतकात जवळजवळ निम्मे लोक माग सोडून गेले. उरलेल्यांत सुमारे बहात्तर टक्के स्त्रिया आहेत. त्याच गणनेनुसार विणकर कुटुंबांपैकी दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्याही आत होते. आणि ह्याच काळात सरकारने २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा करण्यास सुरुवात केली, तर जुलै २०२० मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळच बरखास्त केले! दिवस मिळाला आणि मंडळ गेले. उत्सव करायला सरकार तयार, गाऱ्हाणे ऐकायला जागा नाही.

कोणी म्हणेल, हे जगभर असेच चालते. फॅशनच्या धंद्यात मूळ कारागीर मागेच राहणार. खरे आहे, पण म्हणूनच जगाकडे नीट पाहिले पाहिजे. आफ्रिका खंडाचे उदाहरण घ्या. २०२३ मध्ये युनेस्कोने आफ्रिकेतील फॅशन उद्योगावर अहवाल काढला. तेथील ५४ देशांपैकी ३७ देशांत कापूस पिकतो. कापड-कपड्यांची निर्यात वर्षाला सुमारे साडेपंधरा अब्ज डॉलरची, आणि आयात मात्र तेवीस अब्जांच्या वर! कापूस त्यांचा, कपडा परक्याचा. ज्या रंगीबेरंगी मेणछापाच्या कापडाला सारे जग 'आफ्रिकन' म्हणते, ते मुळात जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल. हॉलंडमध्ये १८४६ साली स्थापन झालेली व्हलिस्को कंपनी ते आजही आफ्रिकेला विकते, आणि आता त्या नकलेचीही नक्कल चीनहून येते. युरोप-अमेरिकेने वापरून टाकलेल्या कपड्यांचे गठ्ठे तेथील बाजारात ओतले जातात ते वेगळेच. रवांडासारख्या चिमुकल्या देशाने २०१६ मध्ये ह्या जुन्या कपड्यांवर जबर जकात बसवली, तर २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच्या कपड्यांना दिलेली करमाफीच काढून घेतली. आमचे जुने नेसा, नाहीतर तुमचे नवे घेणार नाही, असा हा न्याय!

आपली गोष्ट ह्याहून फार वेगळी आहे काय? जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा ह्या बड्या कंपनीने आपल्या प्रदर्शनात सरळसरळ कोल्हापुरी चपला मांडल्या, आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ह्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेही महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेवरून दोन्ही राज्ये भांडत राहिली, चप्पल मात्र केव्हाच सीमा ओलांडून गेली होती. ओरड झाली तेव्हा कंपनीने मूळ कोल्हापुरीच असल्याचे कबूल केले. ह्यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, ओरड केली तर ऐकले जाते. दुसरी, त्या ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांच्या पायात त्या दिवशी कोल्हापुरी होती?

आता आपल्या घरात येऊ. सीमेवरच्या, दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या कुटुंबांचा ह्या वस्त्रांशी संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नाही. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार येथील मराठी घरांतून नऊवारीची मागणी होती म्हणून महेश्वर आणि चंदेरीच्या मागांवर नऊवारी लुगडी निघत. विणणारा निमाडी बोले, बुंदेली बोले; नेसणारी मराठी बोले. चंदेरीत विणकर अन्सारी असेल वा कोळी, काठ-पदर कसा हवा हे त्याला मराठी बाईच्या पसंतीवरून कळे. सौंसर आणि वारासिवनीचा कोष्टी तर आपल्यातलाच. भाषेच्या नावाने आपण परिषदा भरवतो, ठराव करतो. पण दोन भाषांनी मिळून घडवलेली ही जिवंत वस्तू आपल्या डोळ्यांदेखत मरते आहे, तिच्यासाठी एक ठराव नाही! शाळाशाळांतून 'पारंपरिक वेशभूषा दिन' साजरा होतो. मुली नऊवारीत येतात. ती नऊवारी शिवलेली असते, भाड्याची असते आणि चकचकीत पॉलिस्टरची असते. परंपरा एका दिवसाच्या भाड्याने मिळते, हा धडा आम्ही शिक्षकच मुलांना देतो आहोत, हे एक मुख्याध्यापक म्हणून मला सांगितलेच पाहिजे.

ह्यावर नेहमीचे तीन आक्षेप आहेत. त्यांची उत्तरे दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला आक्षेप : हातमाग महाग, सामान्य माणसाला परवडत नाही. साधी महेश्वरी विणायला चार-पाच दिवस जातात, भरगच्च बुट्ट्यांची चंदेरी असेल तर आठवडेच्या आठवडे. त्याआधी ताणा लावणे, कांड्या भरणे, रंगणी ह्यांत घरातल्या बायकामुलांचे श्रम जातात ते निराळेच, आणि त्यांना मजुरी म्हणून कोणी मोजत नाही. इतक्या दिवसांच्या कामाला गवंड्याची मजुरी लावून पाहा आणि मग सांगा, महाग काय आहे. लग्नात एकदा नेसून कपाटात घालायच्या पाच खोट्या साड्यांऐवजी एक खरी घेतली तर खर्च वाढतो की घटतो, हे गणित पाचवीतला मुलगाही करील.

दुसरा आक्षेप : यंत्रमागानेही लाखोंना पोट दिले आहे. अगदी मान्य. बुऱ्हाणपूर, इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी येथील यंत्रमागावरचा कामगारही आपलाच आहे आणि त्याचीही दैना कमी नाही. भांडण यंत्राशी नाही, खोटेपणाशी आहे. यंत्रावर विणलेले कापड यंत्राचे म्हणून विका, खुशाल विका. ते 'हातमाग' म्हणून विकणे ही चोरी आहे. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ सालीच झाला. पण तो मोडणाऱ्याला शिक्षा झालेली तुमच्या पाहण्यात आहे काय?

तिसरा आक्षेप फार हुशार लोक घेतात : विणकराची मुलेच माग सोडून चालली आहेत, तुम्ही कशाला गळा काढता? अहो, ती माग सोडत नाहीत, मागावरची उपासमार सोडतात! सूत शेठचे, नक्षी शेठची, विक्री शेठची आणि विणकराच्या हाती फक्त नगाची मजुरी, अशी रीत असेल तर कोणता शहाणा मुलगा त्या खड्ड्यात पाय सोडून बसेल? तुमचा मुलगा बसेल काय?

पण मी निराशेचे पुराण सांगायला बसलेलो नाही. ह्या धंद्यात जीव आहे, हे महेश्वरनेच दाखवून दिले आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथले माग मोजकेच उरले असता रिचर्ड व सॅली होळकर ह्यांनी रेवा सोसायटी उभी केली, बायकांना मागावर बसवले, किल्ल्याच्या भिंतींवरील नक्षी पुन्हा काठावर आणली. पुढे २००२ मध्ये सॅली होळकरांनी विमेनवीव्ह ही संस्था काढली. तिच्या शाळेत तरुण विणकरांना विणण्याबरोबर हिशेब, नक्षीकाम आणि विक्री शिकवतात. विणकर स्वतःच भाव सांगू लागला की त्याचा मुलगा मागाजवळ थांबतो, असा ह्याचा साधा अर्थ.

आणि भोपाळ? जरी-जरदोजी आणि बटव्यांचे हे शहर. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर पीडित स्त्रियांसाठी शिवणकेंद्रे निघाली आणि १९८६ मध्ये ती बंदही होऊ लागली. तेव्हा ह्या बायका रस्त्यावर उतरल्या, भीक मागायला नव्हे, काम मागायला. त्यातून अब्दुल जब्बार ह्यांच्या नेतृत्वाखाली गॅसपीडित महिला उद्योग संघटना उभी राहिली. त्यांच्या स्वाभिमान केंद्रात शिवण आणि जरदोजी शिकवली जाई. जब्बारभाई २०१९ मध्ये गेले, त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. केंद्राच्या नावातच सारे आले आहे. सुई-दोरा हा ज्यांना छंद वाटतो त्यांनी ह्या बायकांचा इतिहास वाचावा.

ह्याच भोपाळात २००८ पासून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आहे. धार जिल्ह्यात भैंसोला येथे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रचंड वस्त्रोद्योग उद्यानाचे भूमिपूजन झाले. शेतातल्या कापसापासून परदेशी निर्यातीपर्यंत सारे एका जागी, अशी ही योजना. उत्तम! पण एक प्रश्न विचारावाच लागेल : त्या उद्यानात महेश्वरच्या विणकराला गिरणीच्या भावात सूत मिळणार आहे काय? फॅशन शिकलेला विद्यार्थी आपल्या पोशाखावर स्वतःच्या नावाबरोबर विणकराचेही नाव लिहिणार आहे काय? चित्राखाली चित्रकाराची सही असते, पुस्तकावर लेखकाचे नाव असते. साडी तेवढी अनाथ का?

सरकार करील तेव्हा करील. आपण काय करायचे? वाचकहो, तीनच गोष्टी सांगतो. दुकानात हातमाग चिन्ह मागा. ते २००६ पासून अस्तित्वात आहे, पण गिऱ्हाईक मागत नाही म्हणून दुकानदार दाखवत नाही. संशय आला तर काठाचा एक धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. दुसरी गोष्ट, घरातल्या मंगल कार्यात निदान एक वस्त्र विणकराकडून वा त्याच्या सहकारी संस्थेकडून थेट घ्या. महेश्वर, चंदेरी, येवला, पवनी, सारे एका रात्रीच्या प्रवासावर आहे. आणि तिसरी, मुलांना सहलीला न्याल तेव्हा किल्ला दाखवून परत आणू नका. किल्ल्याखालच्या आळीत न्या, मागाचा खटखटाट ऐकू द्या, विणकराचे नाव विचारायला शिकवा.

दिवाळी आली आहे. पाडव्याला आणि भाऊबीजेला ओवाळणीत साडी जाईलच. ती कोणाच्या मागावरून आली, एवढा एक प्रश्न ह्या वर्षी प्रत्येक घरात विचारला गेला तरी पुष्कळ झाले. ज्याला त्याचे उत्तर देता येईल त्याने अहिल्यादेवींचा अभिमान खुशाल मिरवावा.