गाजराचा हलवा आणि चष्म्याचा नंबर

मीरा रोड स्टेशनच्या फलाटावर उभे राहिलो की आमची मुलगी दर वेळी विचारायची, "अब्बा, कुठली गाडी येतेय?" आम्ही इंडिकेटर वाचून सांगायचो. पोरगी बोलकी आहे, तिला बोलायला निमित्त लागते, अशी आमची समजूत. ती नऊ वर्षांची, मराठी-इंग्रजी दोन्ही वाचणारी. मग इंडिकेटर स्वतः का वाचत नाही, हा साधा प्रश्न आम्हा नवरा-बायकोपैकी कुणालाच पडला नाही.

तो पडला तिच्या वर्गशिक्षिकेला. फळ्यावरची गणिते वहीत चुकीची उतरतात, डोळे तपासून घ्या, अशी चिठ्ठी आली. घरात लगेच बैठक बसली. दादी म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला कसला चष्मा? गाजर खायला घाला, आठ दिवसांत नजर साफ होईल." खालांना वेगळीच काळजी. "मुलगी आहे, उद्या रिश्ता घेऊन येणारे आधी चष्माच बघतील." आणि आम्ही, शिकलेसवरलेले म्हणवणारे, दोघींपुढे गप्प बसलो. थंडीचे दिवस होते, गाजरे स्वस्त होती. हलवा झाला, रस झाला, बदाम-बडीशेप-खडीसाखरेची पूड रात्री दुधातून सुरू झाली. हलवा अर्थातच सगळ्या घराने खाल्ला. असे सहा महिने गेल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा दोन्ही डोळ्यांना उणे दोन नंबर निघाला. सहा महिने पोरगी फळा न दिसता वर्गात बसत होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. लहान मुलांचा दूरचा नंबर बहुतेक वेळा बुबुळामागच्या डोळ्याच्या गोळ्याची लांबी जास्त वाढल्याने येतो. दूरच्या वस्तूचे चित्र मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. वाढलेली लांबी गाजराने कमी होत नाही, बदामाने नाही आणि कुठल्याही थेंबांनी नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूतही खोटी. वाढत्या वयात डोळा वाढतो म्हणून नंबर वाढतो, चष्मा लावा किंवा लावू नका.

मग गाजराचे एवढे नाव कशामुळे? गाजरातल्या बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते आणि मंद उजेडात दिसण्यासाठी पडद्याला ते लागते. ते कमी पडले तर रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसतात आणि पुढे बुबुळ खराब होऊन मूल कायमचे आंधळेही होऊ शकते. पण शरीरात ते पुरेसे असेल तर आणखी किलोभर गाजरे खाऊन नजर तीक्ष्ण होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपले वैमानिक गाजरे खाऊन रात्री शत्रूची विमाने टिपतात असा प्रचार केला होता. खरे काम रडारचे होते. ती थाप अजून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते याची गंमत वाटते.

अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणारे अंधत्व टाळण्यासाठी आपल्या देशात 1970 पासून सरकारी कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर पहिला डोस, मग दर सहा महिन्यांनी एक, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. पहिले दोन-तीन डोस झाले की आयांना पुढचे आठवत नाहीत, आमच्या घरीही तेच झाले होते. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर आज लसीकरणाचे कार्ड काढून डोस मोजा.

रोजच्या जेवणात महाग काही लागत नाही. शेवग्याचा पाला, मेथी, लाल माठ, लाल भोपळा, रताळे, पपई, हंगामात आंबा. अंड्याचा पिवळा बलक मुले बाजूला काढतात, तोच डोळ्यांच्या कामाचा. कलेजीत तर अ जीवनसत्त्व भरपूर. मात्र घरात कुणी गरोदर असेल तर तिला कलेजी वारंवार देऊ नये, कारण हे जीवनसत्त्व फार झाले तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. भाजीला थोडे तेल हवेच, कारण हे जीवनसत्त्व चरबीबरोबरच अंगात मुरते. म्हणजे बिनतेलाच्या रसापेक्षा तुपातला हलवा बरा, एवढे तरी दादींच्या बाजूने म्हणता येईल. उत्तनच्या कोळणी बांगडा आणि तारली घेऊन बसतात, ती घ्यावी. डोळ्याच्या पडद्यात जी चरबी असते तिचाच एक प्रकार या माशांत मिळतो.

आमच्या धाकट्याला, सहा वर्षांच्या मुलाला, अजून नंबर नाही. त्याच्यासाठी काय करता येईल, हे आम्ही डॉक्टरांना विचारले. उत्तर एका शब्दात आले: उजेड. चीनच्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर अभ्यास झाला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटे जास्त मैदानावर सोडले. 2015 साली निष्कर्ष छापून आले. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या शंभरातल्या जवळपास 40 मुलांना दूरचा नंबर लागला, मैदानावर सोडलेल्यांत सुमारे 30 मुलांना. तैवानमध्ये तर 2010 पासून मुलांनी रोज दोन तास बाहेर राहावे असा सरकारी आग्रह आहे.

आता आमचा दिवस बघा. सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, मगरिबनंतर अरबीचा क्लास, मग जेवताना मोबाईल. फ्लॅटमध्ये दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते. बिल्डिंगच्या आवारात गाड्या उभ्या, मुले खेळली की सोसायटीत तक्रार. असर ते मगरिब हा तास-दीड तास मात्र रिकामा निघाला. त्या वेळेची ट्यूशन आम्ही बदलून घेतली, शिकवणाऱ्या बाईंची नाराजी पत्करून. आता दोघांना उद्यानात नेऊन सोडतो. तिथे खेळच खेळावा असेही नाही, बाकावर बसून चणे खाल्ले तरी चालते. डोळ्यांना बाहेरचा उजेड मिळाल्याशी मतलब.

घरात पुस्तक आणि मोबाईल हातभर अंतरावर धरायचा, आडवे पडून नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचे. आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते, तीच बघतो. हा नियम मोठ्यांनाही लागू. चर्चगेटपर्यंत लोकलमध्ये तासभर मोबाईलमध्ये डोळे घालून बसले की पापण्या कमी मिटतात आणि डोळे चुरचुरतात.

सुरम्याचा विषय काढताना जीभ अडखळते, कारण त्याच्याशी श्रद्धा जोडलेली आहे. हदीसमध्ये उल्लेख आहे तो इस्मिदचा. बाजारात सुरमा म्हणून मिळणारी काळी पूड मात्र पुष्कळदा शिशाच्या खनिजाची असते. डोळे चोळलेला हात बाळ तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. त्याने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आत काय आहे हे ज्या बाटलीवर लिहिलेले नाही, ती तान्ह्या बाळाजवळ आणू नये. भावजयीच्या बाळाच्या वेळी आम्ही हे बोललो, तेव्हा दादी दोन दिवस आमच्याशी बोलल्या नव्हत्या.

साखरेचा आजार असेल त्यांनी नजर स्वच्छ असली तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. मधुमेहात पडदा आधी बिघडतो, दिसायला कमी होते ते नंतर. दादींना साखर बारा वर्षे आहे आणि पडदा एकदाही तपासलेला नाही, हे आम्हाला मुलीच्या चष्म्याच्या निमित्ताने कळले.

चष्मा लागल्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे फलाटावर होतो. मुलगी काही न विचारता वर बघून म्हणाली, "चर्चगेट, स्लो." दादींनी मान वर केली, डोळे बारीक केले, आणि विचारले, "कुठे लिहिलंय गं?" त्यांच्या तपासणीची वेळ आम्ही त्याच संध्याकाळी फोनवरून घेतली. खाला अजून रागात आहेत.