दुबईचं बिल, पुण्यातला चहा

जुलै लागला की दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये दोन गोष्टी होतात. सुट्टीला गावी गेलेल्यांच्या गाड्या कमी झाल्यामुळे पार्किंग मिळू लागतं, आणि बॅगा तोलायचा काटा या घरातून त्या घरात फिरू लागतो. बारावी झालेली मुलं पुण्याला, मणिपालला, नागपूरला निघतात. जाण्याआधीची शेवटची मोठी खरेदी असते लॅपटॉपची.

गेल्या आठवड्यात झेन क्लस्टरमधल्या वहिनींची लेक दुकानातला एक कागद घेऊन आली. "काकू, साडेतीनशे दिरहम जास्त दिले तर तीन वर्षांची वॉरंटी देतायत. घेऊ का?"

लॅपटॉप तीन हजारांचा. मी म्हटलं, "कॉलेज कुठलं मिळालं?"

"पुण्यातलं."

"मग हा कागद इथेच राहू दे."

हे मी शहाणपणाने बोलले नाही, खिशाला चटका बसल्यावर बोलले. तीन वर्षांपूर्वी आमच्या लेकाला आम्ही असाच लॅपटॉप घेऊन दिला होता. वर 'संपूर्ण संरक्षण' घेतलं. ते कुणाचं आहे, हे विचारलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात हॉस्टेलच्या खोलीत चहाचा कप की-बोर्डवर उपडा झाला. पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, कंपनीची वॉरंटी चालू आहे, पण सांडलेला चहा तिच्यात बसत नाही. अपघाताचं संरक्षण होतं दुकानाचं, आणि त्याच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं की यंत्र अमिरातीतल्या काउंटरवर आणून द्यावं लागेल. ओळखीतले एक काका सुट्टी संपवून परत येत होते, त्यांच्या हँडबॅगेतून लॅपटॉप दुबईला आला. तपासणी, मंजुरी, सुटा भाग मागवणं. गणपतीत बिघडलेलं यंत्र दिवाळीत दुरुस्त झालं, आणि ते परत न्यायला पुन्हा कुणीतरी जाणारं शोधावं लागलं. तोवर लेकाने सबमिशन मित्राच्या लॅपटॉपवर केली.

त्या चौथ्या पानामुळे मला एक गोष्ट कळली. आपण संरक्षण घेतो ते बिल जिथे फाडलं त्या गावचं. यंत्र मात्र फुटतं ते मूल जिथे राहतं त्या गावी.

दुकानातला मुलगा 'वॉरंटी' या एकाच शब्दात तीन वेगळ्या वस्तू विकत असतो. पहिली कंपनीची हमी, बहुतेक लॅपटॉपना एक वर्षाची. यंत्रात मुळात दोष निघाला तर ती कामाला येते. दुसरी वाढीव हमी, म्हणजे हीच हमी पुढे ताणलेली. 'तीन वर्षं' म्हणून पैसे घेतात, पण त्यातलं पहिलं वर्ष कंपनी तशीही फुकट देत असते. तिसरं अपघाताचं संरक्षण. पडणं, फुटणं, सांडणं हे फक्त यात येतं, आणि तेही करारात तसं लिहिलेलं असेल तरच.

विद्यार्थ्याने वाढीव हमीवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मुळातला दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांतच डोकं वर काढतो. तेव्हा काढला नाही, तर यंत्र म्हातारं होईपर्यंत सहसा गप्प राहतो, आणि तोवर वाढीव हमीही संपलेली असते. बॅटरी झिजणं तर यात बहुधा धरतच नाहीत.

अपघाताच्या संरक्षणाचं तसं नाही. विद्यार्थ्याचा लॅपटॉप दोषाने कमी आणि हाताने जास्त मरतो. बंक बेडच्या वरच्या पलंगावरून खाली येतो, चार्जरच्या वायरीत पाय अडकून टेबलावरून ओढला जातो, उघड्या झाकणाला धरून उचलून उचलून त्याची बिजागरी खिळखिळी होते. (आमच्या या वन-बेडरूम घरांत तरी कुठे वेगळं आहे? जेवणाचं टेबल तेच अभ्यासाचं, आणि आमटीचं पातेलंही तिथेच.)

तरीही हिशेब करावा. समजा हप्ता साडेतीनशे दिरहम, स्क्रीन बदलायला आठशे, आणि प्रत्येक दाव्याला शंभर आपल्या खिशातून. म्हणजे एका अपघातात वाचणार सातशे. तीन वर्षांत असा अपघात होण्याची शक्यता दोनात एक असेल, तर कुठे हा व्यवहार बरोबरीत सुटतो. साध्या लॅपटॉपला मी तरी हे पैसे देणार नाही, ते बाजूला ठेवीन. महाग, पातळ, मेमरी मदरबोर्डलाच चिकटवलेल्या यंत्राचं गणित निराळं. तिथे एक चहा अर्धी किंमत घेऊन जातो. तिथे संरक्षण घ्यावं, पण कंपनीचं. ॲपलचं केअर प्लस, किंवा डेल, लेनोव्हो, एचपी स्वतः विकतात ते. ही बहुधा खरेदीबरोबर किंवा नंतरच्या ठरावीक मुदतीतच घेता येतात. ॲपलच्या योजनेतही दर दाव्याला शुल्क पडतं. नुसती स्क्रीन किंवा बाहेरचा सांगाडा फुटला तर कमी, बाकी नुकसानाला जास्त. डेलच्या योजनेची नोंद सर्व्हिस टॅगवर असते, आणि मालक किंवा देश बदलला की ती हलवायला अर्ज करता येतो. हा अर्ज विमानात बसण्यापूर्वी करावा.

मग लॅपटॉप घ्यायचा कुठे? इथला मोह मी समजू शकते. दुबईत ५ टक्के व्हॅट, भारतात १८ टक्के जीएसटी. शिवाय १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप भारतात शुल्काशिवाय नेता येतो. बर दुबईच्या खालिद बिन अल वलीद रोडवर, ज्याला सगळे कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणतात, घासाघीस करण्यातही मजा आहे. पण तिथलं सगळ्यात स्वस्त यंत्र कधी कधी तिसऱ्याच देशासाठी बनलेलं असतं. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून हमी कुठल्या देशाची आहे ते दुकानातच उभं राहून बघावं. की-बोर्डवर अरबी अक्षरं असतील तर आणखी एक प्रश्न: तो की-बोर्ड पुण्यात बदलायची वेळ आली, तर तसाच मिळेल का?

तक्रारीचंही तेच. अमिरातीत २०२० चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि दुबईत ग्राहकाला सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पण ती पुढे रेटायला इथे कुणीतरी असावं लागतं. भारतात २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्याच आयोगाकडे जाता येतं, आणि १९१५ या क्रमांकावर हेल्पलाइन आहे. पुण्यात घेतलेल्या यंत्रासाठी मुलगी स्वतः भांडू शकते. दुबईत घेतलेल्यासाठी बापाला ऑफिसातून रजा काढावी लागते.

मूल इथेच शिकणार असेल, ॲकॅडमिक सिटीत बिट्स पिलानीला किंवा मणिपालच्या दुबई कॅम्पसला जाणार असेल, तर मात्र सगळं उलटं. मग इथेच घ्या, इथलंच संरक्षण घ्या, आणि रोज बसने जाणार असेल तर आधी चांगली गादीवाली बॅग घ्या.

चोरी यातल्या बहुतेक योजनांत येत नाही. काही घर-विम्यांत घराबाहेर नेलेल्या वस्तू धरतात. पण हॉस्टेलात राहणारं मूल 'घरातलं' मानतात का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावं. आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा. इथली बिलं थर्मल कागदावर असतात. आमचं तीन वर्षांपूर्वीचं बिल परवा सापडलं, ते कोरं होतं.

लॅपटॉपमधल्या फाइली मात्र सहसा कुणी भरून देत नाही. ना हमीत, ना विम्यात.

वहिनींची लेक लॅपटॉप आता पुण्यात पोचल्यावर घेणार आहे. वाचलेल्या साडेतीनशेतून परवा तिने इब्न बतूता मॉलमधून बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आणली.