श्वासनलिकेतील किरणोपचार आणि एक मुक्रर वार

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर येथे अंगारकी चतुर्थीस राजुरेश्वराच्या दर्शनाला दूरदूरच्या गावांहून माणसे पायी येतात. त्याच मुलखातील एखाद्या बिडी ओढणाऱ्या वृद्धास ओट्यापर्यंत जाताना धाप लागू लागली आणि खोकल्यातून रक्त पडू लागले, की प्रथम संशय क्षयाचा घेतला जातो, व तो गैर नाही. मात्र थुंकीत जंतू न सापडताही महिनोन्महिने गोळ्या चालू राहाव्यात, आणि तोवर श्वासनलिकेतील कर्करोगाच्या गाठीने वाट अडवावी, हे अक्षम्य होय.

अशा गाठीवर बाहेरून किरण देतात, तसे ते आतूनही देता येतात. दुर्बिणीच्या साह्याने नाकावाटे एक बारीक नळी गाठीपर्यंत नेली जाते, आणि बाकी सर्व जण खोलीबाहेर गेल्यावर यंत्र तारेच्या टोकाशी असलेला इरिडियम-१९२ चा इवलासा कण तीतून आत सरकवून काही मिनिटांत परत ओढून घेते. अंतर दुप्पट झाले की किरणांची मात्रा सुमारे चौथाईवर येत असल्याने भोवतालचे निरोगी फुप्फुस बरेचसे वाचते. या इरिडियमचे तेज सुमारे ७४ दिवसांत निम्मे होते. सबब नव्या कणाच्या खरेदीचा कागद दप्तरात जितका रेंगाळेल, तितकी रोग्याची यंत्राखालची वेळ लांबते.

हा उपचार बहुधा रोग निर्मूल करण्यासाठी नसतो. बाहेरून किरण देऊन झाल्यावर गाठ पुन्हा वाढली असता धाप, खोकला व रक्तस्राव कमी करणे, हेच त्याचे मुख्य कार्य. आणि त्यातही प्राणघातक रक्तस्रावाचा धोका असतो, तो नातेवाइकांस आधी स्पष्ट सांगितलाच पाहिजे. तरीही, शेवटच्या काही महिन्यांत माणसाला उताणे निजता यावे, ही गोष्ट किरकोळ मानणाऱ्याने धाप लागलेल्या रोग्याच्या उशाशी एक रात्र काढलेली नसावी.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी वापरले जाणारे यंत्रच येथेही चालते. तेव्हा ते जेथे आहे तेथे उणीव भासते ती दुर्बीण घालणारा छातीचा वैद्य आणि किरणोपचाराचा वैद्य एकाच दिवशी एकत्र येण्याची. राजूरकरांना जवळचे सरकारी कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरचे. आठवड्यातील एक वार या कामासाठी तेथे मुक्रर असावा, आणि तो जालना जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर लिहिलेला असावा. कारण या उपचाराच्या खेपा पुष्कळदा आठवड्याच्या अंतराने असतात, आणि जवळ सोय नसल्यास दर खेपेस मुंबईचे भाडे व मुक्काम सोसणे कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही.